माळरान, ऊन आणि डिस्टिलरी: सोलर विजेपासून इंधन कधी परवडतं?

सोलापूरकडच्या एका वाचकाने विचारलं आहे: ‘आमच्याकडे ऊन भरपूर, पडीक माळ भरपूर, साखर कारखान्याची डिस्टिलरीही आहे. सोलर विजेवर कृत्रिम पेट्रोल-डिझेल बनवता येईल का? आणि आपल्यासारख्या देशांना ते कधी परवडेल का, की ही श्रीमंत देशांचीच हौस आहे? आणि आरशांनी ऊन एकवटून थेट इंधन करता येतं का?’

मी प्रक्रिया अभियंता आहे. आधी बरीच वर्षं खत कारखान्याच्या अमोनिया प्लांटवर होतो, आता इलेक्ट्रोलायझरच्या, म्हणजे विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढणाऱ्या यंत्रांच्या, कामात आहे. त्यामुळे उत्तरात रसायनापेक्षा हिशेब जास्त येईल, तेवढं सांभाळून घ्या.

बनवता येतं का, तर येतं. त्यात नवीन काहीच नाही. हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडपासून द्रवरूप इंधन करण्याची पद्धत फिशर आणि ट्रॉप्श या दोघांनी जर्मनीत १९२५ च्या सुमारास बसवली. दक्षिण आफ्रिकेने १९५५ पासून सासोलबर्गला कोळशातून त्याच रीतीने पेट्रोल-डिझेल काढलं. सोलरमध्ये फरक एवढाच, की हायड्रोजन कोळशातून न काढता पाण्यातून काढायचा. पण तुम्ही पेट्रोल-डिझेलचं नाव घेतलंत तिथेच मी तुम्हाला थांबवेन. सोलर विजेपासून करायच्या वस्तूंमध्ये अमोनिया पहिला, मिथेनॉल (सगळ्यात साधं अल्कोहोल) त्यानंतर आणि पेट्रोल-डिझेल अगदी शेवटी, तेही विमानासाठी वगैरे, जिथे बॅटरी चालत नाही तिथे. मोटारसायकलीत घालायला सोलरचं पेट्रोल करणं म्हणजे तुपात आंघोळ.

कारण मधली गळती. एक किलो हायड्रोजनमध्ये ऊर्जा असते साधारण ३३ युनिटांची, पण पाणी फोडून तो काढायला प्रत्यक्ष प्लांटवर ५० ते ५५ युनिटं लागतात. पुढे तो दाबायचा आणि कार्बन डायऑक्साइडबरोबर तांब्या-जस्ताच्या उत्प्रेरकावरून ५० ते ८० बार दाबाने, अडीचशे अंशांच्या आसपास फिरवायचा, तेव्हा मिथेनॉल होतं. इथवर येताना शंभर युनिटांतली पंचेचाळीसच्या आसपास उरतात. ते इंजिनात जाळलं की चाकापर्यंत पोचतात पंधराच्या आत. तीच शंभर युनिटं बॅटरीत भरली असती तर सत्तरच्या वर चाकाला मिळाली असती. म्हणून जिथे तार पोचते आणि बॅटरी पुरते, तिथे वीज वीज म्हणूनच वापरावी. मग इंधन कशासाठी? खतासाठी, जहाजासाठी, विमानासाठी आणि रसायनांच्या कारखान्यांसाठी.

गरीब देशांना हे जमेल का, या प्रश्नाचं उत्तर जुन्या फायलींत आहे. पंजाबात नांगलला १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला भाक्रा धरणाच्या विजेवर पाणी फोडून हायड्रोजन काढत आणि त्याचं खत करत. जोडीला अणुभट्ट्यांना लागणारं जड पाणीही मिळे. तशीच व्यवस्था इजिप्तमध्ये आस्वानला होती आणि झिम्बाब्वेत क्वेक्वेला, करिबा धरणाच्या जिवावर. पेरूत कुस्कोजवळ काचिमायोला अजून आहे. म्हणजे आज ज्याला ‘ग्रीन अमोनिया’ म्हणून मिरवतात, तो आपण नेहरूंच्या काळात पोत्यात भरून विकत होतो. पुढे नांगल फ्युएल ऑइलवर गेलं, मग नैसर्गिक वायूवर. क्वेक्वेचे इलेक्ट्रोलायझर २०१५ च्या सुमारास बंद झाले. यंत्रं वाईट नव्हती. धरणाच्या स्वस्त विजेला शहरं, पंप, गिरण्या असे दुसरे गिऱ्हाईक मिळाले आणि हायड्रोजनच्या वाट्याची वीज महाग झाली किंवा मिळेनाशी झाली. हे लक्षात ठेवा, कारण सोलरवाले याच खड्ड्याशी वेगळ्या वाटेने येऊन पोचतात.

धरणाची वीज चोवीस तास असे. सोलर तशी नसते. वर्तमानपत्रं पॅनेलचा भाव सांगतात; गुजरातच्या एका निविदेत डिसेंबर २०२० मध्ये १ रुपया ९९ पैसे युनिटचा दर आला, तेव्हापासून लोकांना वाटतं की आता हायड्रोजन फुकटच. आपण करून बघू. अडीच रुपयाने ५५ युनिटं, म्हणजे किलोमागे वीज १३७ रुपयांची. इथपर्यंत ठीक. आता इलेक्ट्रोलायझर. सगळं जोडून किलोवॅटला ६० हजार रुपये धरू. सोलरवर तो वर्षाला पूर्ण भाराचे साधारण २,१०० तास चालेल, म्हणजे २,१०० युनिटं खाऊन ३८ किलो हायड्रोजन देईल. कर्ज बारा टक्क्याने आणि फेड वीस वर्षांची धरली तर किलोवॅटमागे वर्षाचा हप्ता होतो आठ हजार रुपये. त्याला ३८ ने भागा: २११ रुपये. विजेपेक्षा यंत्राचा हप्ता मोठा! एकूण किलोला साडेतीनशेच्या घरात.

आता याच गणितात दोनच आकडे बदलून पाहा. व्याज बाराचं सहा करा, तर २११ चे १३७ होतात. किंवा व्याज तसंच ठेवून वारा आणि साठवण जोडा, यंत्र वर्षातले साठ टक्के तास चालवा, तर २११ चे ८४ होतात. (अर्थात जोडीची वीज अडीच रुपयाला मिळणार नाही, पण तरी हिशेब पुष्कळ बरा बसतो.) पॅनेलची वीज युनिटमागे आणखी चार आण्याने स्वस्त झाली तर किलोमागे वाचतात फक्त चौदा रुपये. गरीब देशात ऊन कमी नाही, पॅनेलही आता सगळीकडे एकाच भावाने मिळतात. महाग आहे ते कर्ज आणि रिकामा बसणारा इलेक्ट्रोलायझर. जर्मनीत ऊन आपल्या निम्मं, पण तिथल्या प्रकल्पाला कर्ज आपल्या निम्म्या दराने मिळतं, म्हणून आपल्या उन्हाचा फायदा कागदावर दिसतो तेवढा हातात येत नाही.

रिकामा बसणं म्हणजे काय ते एकदा जवळून पाहिलं, ते सांगतो. राजस्थानात एका लहान प्रात्यक्षिक प्रकल्पावर होतो. अल्कलाइन इलेक्ट्रोलायझर, आत ३० टक्के कॉस्टिक पोटॅशचं द्रावण. आम्ही त्याला नुसतं लाय म्हणतो. सकाळी लाय कोमट असते. ती ऐंशी अंशांपर्यंत चढेपर्यंत यंत्र पुरतं हाताशी येत नाही. नऊ-साडेनऊला सगळं लाइनवर आलं. जुलैचा महिना. पावणेअकराला एकच ढग आला, एकटा, खेड्यातल्या लग्नात चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखा. भार घसरला शंभरावरून पंधरावर. अशा वेळी होतं काय, की मधल्या पडद्यातून पलीकडे झिरपणारा हायड्रोजन तेवढाच राहतो, पण ऑक्सिजन तयार व्हायचं प्रमाण घटतं. त्यामुळे ऑक्सिजनमधला हायड्रोजन टक्क्याने वाढायला लागतो. चार टक्क्यांना मिश्रण पेट घेऊ शकतं, म्हणून आमचा इंटरलॉक, म्हणजे यंत्र आपोआप बंद करणारी व्यवस्था, दोनवर. बोर्डवरचा मुलगा आकडा मोठ्याने वाचत होता: एक पॉइंट चार, एक पॉइंट सात, एक पॉइंट नऊ. मग खटकन ट्रिप. ढग चार मिनिटांत निघून गेला. आम्ही मात्र नायट्रोजनने लाइन धुऊन, दाब उतरवून, परत चढवून पुन्हा पूर्ण भारावर यायला सव्वा तास घालवला. लख्ख उन्हात पॅनेल तळपत होते आणि वीज घ्यायला कोणी नव्हतं. त्या महिन्यात असे अकरा ढग आले.

याला उपाय आहेत. छोटी बॅटरी, किंवा ग्रिडचा आधार, किंवा एक मोठा स्टॅक (इलेक्ट्रोलायझरचा गाभा, जिथे पाणी फुटतं) न घेता चार छोटे घेऊन भार कमी झाला की एकेक बंद करणं. प्रोटॉन पडद्याचे इलेक्ट्रोलायझर ढगाशी चांगले खेळतात, पण त्यांना इरिडियम लागतं आणि ते महाग. प्रत्येक उपाय खर्चात येतो आणि प्रकल्प अहवालात नेमका हाच खर्च गळालेला असतो. ज्या अहवालात तासागणिक उत्पादनाचा तक्ता नाही, नुसती वर्षाची सरासरी आहे, तो मी पहिल्या पानानंतर वाचत नाही.

आता तुमची डिस्टिलरी. तुमच्याकडे एक खरोखर मोलाची गोष्ट आहे, आणि ते ऊन नव्हे. मिथेनॉलला कार्बन लागतो. हवेत कार्बन डायऑक्साइड असतो ०.०४ टक्के, तो गोळा करणं म्हणजे वाळूतून साखर वेचणं. औष्णिक केंद्राच्या चिमणीत तो बारा-चौदा टक्के असतो; मध्य प्रदेशात विंध्याचलला एनटीपीसीने तो धुऊन काढून रोज दहा टन मिथेनॉल करायचा प्लांट उभा केला आहे, पण ते धुणं वाफ खातं. तुमच्या फर्मेंटरच्या (मळी आंबवायच्या टाकीच्या) तोंडाशी तो जवळजवळ शुद्धच येतो. यीस्ट साखर खाते तेव्हा जेवढं अल्कोहोल, वजनाने जवळपास तेवढाच कार्बन डायऑक्साइड. रोज ६० हजार लिटरची डिस्टिलरी धरली तर दिवसाला सुमारे ४५ टन. काही डिस्टिलऱ्या तो धुऊन, दाबून सोड्यावाल्यांना आणि ड्राय आइसवाल्यांना विकतात. बाकीच्या वर सोडून देतात. हा उसातून आलेला कार्बन असल्यामुळे युरोपच्या नियमांतही तो चालतो. कोळशाच्या चिमणीतला त्यांना वीज केंद्रांच्या बाबतीत २०३५ नंतर चालणार नाही.

फर्मेंटेशनच्या सुरुवातीचा आणि शेवटचा हवा मिसळलेला वायू सोडून देऊ. हातात ३५ टन येतील. त्यातून २५ टन मिथेनॉल, त्यासाठी रोज सुमारे ५ टन हायड्रोजन, त्यासाठी कॉम्प्रेसर वगैरे धरून ३ लाख युनिटं. तुमच्याकडे मेगावॅटमागे वर्षभराची सरासरी साडेचार हजार युनिटं रोज धरली तर ६५-७० मेगावॅट पॅनेल, म्हणजे चार एकराने पावणेतीनशे एकर माळ. इलेक्ट्रोलायझर ५० मेगावॅटचा: वरच्याच भावाने ३०० कोटी. पॅनेलचे साधारण पावणेतीनशे. मिथेनॉलचा प्लांट आणि साठवण वेगळी. माझ्या अंदाजाने सातशे कोटींच्या खाली काही येणार नाही.

साठवणीचं एक सांगायलाच हवं. मिथेनॉलचा रिॲक्टर रोज संध्याकाळी बंद आणि सकाळी चालू करता येत नाही. करता येतो, पण उत्प्रेरकाचं आयुष्य जातं. रात्रभर तो त्याच वेगाने चालू ठेवायचा म्हटलं तर साडेतीन टन हायड्रोजन बाजूला ठेवावा लागेल. ३० बार दाबाने ठेवलात तर १४ लाख लिटर पाणी मावेल एवढी टाकी लागते. हायड्रोजन इतका हलका, की दाबला तरी जागा सोडत नाही.

आणि आवक? वर्षाला सव्वाआठ हजार टन मिथेनॉल. बाजारभाव किलोला तीस रुपये धरू. म्हणजे २५ कोटी. सातशे कोटींचं नुसतं बारा टक्के व्याज ८४ कोटी. संचालक मंडळापुढे हा कागद ठेवलात तर चहा येण्याआधी बैठक संपेल. हिरवं म्हणून कोणी तिप्पट भाव दिला तरी व्याजापाशीच अडकतो. जहाज कंपन्या असं मिथेनॉल शोधत आहेत हे खरं, मर्स्कचं मिथेनॉलवर चालणारं पहिलं कंटेनर जहाज २०२३ मध्ये पाण्यात आलं. पण त्यांना बंदरावर हजारो टनांत आणि दहा वर्षांच्या करारावर हवं असतं. एकट्या कारखान्याने हे करण्यात अर्थ नाही. पाच-सात डिस्टिलऱ्यांचा कार्बन द्रवरूपात टँकरने एका जागी आणून, वारा आणि ऊन दोन्हीची वीज घेऊन, बंदराजवळ एक मोठा प्लांट घातला तर बोलणं सुरू होऊ शकतं.

पाण्याची भीती मात्र मनातून काढा. दुष्काळी भागात हा प्रश्न हमखास येतो. पाच टन हायड्रोजनला शुद्ध पाणी ५० हजार लिटर. बोअरचं क्षारयुक्त पाणी शुद्ध करताना वाया जाणारं आणि थंड करायला लागणारं धरून रोज एक लाख लिटर म्हणा. वर्षाचं झालं ३३ हजार घनमीटर. एवढं पाणी पाटाने भिजवलेला चार एकर ऊस पितो. पॅनेल धुण्याचं पाणी धरलंत तर सहा-सात एकर. पाणी किती यापेक्षा कसलं, याने जास्त छळ होतो: सिलिका आणि कडकपणा सांभाळला नाही तर पहिला बळी पाणी शुद्ध करणाऱ्या रेझिनचा आणि दुसरा स्टॅकचा जातो. एका ठिकाणी रेझिनचं रिजनरेशन (ते धुऊन पुन्हा ताजं करणं) एक शिफ्ट पुढे ढकललं होतं, एवढ्या कारणाने आठ दिवस स्टॅक उघडून बसलो होतो.

मग भारतासारख्या देशाने सुरुवात कुठून करावी? खतातून. अमोनियाला कार्बन लागतच नाही. हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन, लोखंडाचा उत्प्रेरक, दीडशे-दोनशे बार. तो साठवायलाही सोपा: उणे ३३ अंशांना द्रव होतो, आणि त्याची जहाजं, टाक्या, हाताळणारी माणसं आपल्याकडे साठ वर्षांपासून आहेत. गळला तर माणूस मारतो हेही खरं, पण सुदैवाने धोक्याच्या खूप आधी नाकाला कळतो. आपण दरवर्षी वीस लाख टनांहून जास्त अमोनिया आयात करतो. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर टनाचा भाव हजार डॉलरांच्या वर गेला, तेव्हा खत कंपन्यांची काय अवस्था झाली ते मी जवळून पाहिलं.

यातली खोच अशी, की आपलं मुख्य खत युरिया, आणि युरियाला पुन्हा कार्बन डायऑक्साइड लागतो. युरियाच्या कारखान्यात तो नैसर्गिक वायूतून आपोआप निघतो. हिरवा अमोनिया आणलात तर कार्बन बाहेरून आणावा लागतो. म्हणून सुरुवात डीएपी आणि मिश्रखतं करणाऱ्यांपासून, जे आजही अमोनिया विकतच घेतात. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १९,७४४ कोटींच्या हरित हायड्रोजन मिशनने हेच केलं, आणि मला ते शहाणपणाचं वाटतं. २०२५ च्या लिलावात पारादीपच्या खत कारखान्यासाठी हिरव्या अमोनियाला किलोला ५५ रुपये ७५ पैसे भाव आला. दहा वर्षांची खरेदी नक्की, शिवाय पहिल्या वर्षी किलोला ८ रुपये ८२ पैसे अनुदान, पुढची दोन वर्षं उतरतं. माझ्या वरच्या हिशेबातला साडेतीनशेचा हायड्रोजन घातला तर नुसता त्याचाच खर्च किलो अमोनियामागे ६२ रुपये होतो. बोली लावणाऱ्यांनी तो खाली आणला तो वारा आणि ऊन एकत्र बांधून, यंत्राचे तास वाढवून आणि दहा वर्षांचा खरेदी करार बँकेला दाखवून. पुन्हा तास आणि व्याज. तेव्हाच्या आयातीच्या भावापेक्षा तो महाग होता, पण दुपटीने नाही.

मोरोक्कोचं गणितही असंच आहे. फॉस्फेट जगात सर्वांत जास्त त्यांच्याकडे, खताचे कारखाने त्यांचे, पण अमोनिया बाहेरचा. गिऱ्हाईक घरातच असल्यामुळे तिथल्या उन्हाला खरी किंमत आहे. केनियात नैवाशाच्या बाजूला एका शेतीकंपनीच्या मळ्यावर रोज एक टनाचा सोलर अमोनिया प्लांट बसला आहे. आकार हास्यास्पद वाटेल, पण मोम्बासा बंदरावरून आत आलेल्या खताच्या भावात ट्रकभाडं किती असतं ते पाहिलं की हसू येत नाही. आतल्या भागातल्या देशांसाठी मला हा नमुना आवडतो.

नुसत्या निर्यातीवर आखलेल्या प्रकल्पांबद्दल मी तेवढा उत्साही नाही. वाळवंटात हजारो मेगावॅट, बंदर, जहाज, युरोपातला ग्राहक, असे देखावे खूप झाले. त्यातला ग्राहक सही करत नाही तोवर बँक पैसे देत नाही, आणि युरोपचे नियम २०३० पासून तासाचा हिशेब त्याच तासाला मागणार आहेत, म्हणजे रात्री चालवलेल्या यंत्राला रात्रीचीच हिरवी वीज दाखवा. शिवाय ज्या देशात गावांना अजून वीज नाही तिथे आधी इंधन भरून बोटी पाठवायच्या, हे राजकारणात किती दिवस टिकेल? क्वेक्वेची वीज शेवटी कुठे गेली ते वर सांगितलंच.

तुम्ही प्रश्नाच्या शेवटी आरशांनी ऊन एकवटून थेट इंधन करण्याबद्दलही विचारलं आहे. झ्युरिचच्या ईटीएच विद्यापीठातले प्राध्यापक आल्दो स्टाइनफेल्ड यांच्या गटाने सिरियम ऑक्साइड दीड हजार अंशांवर तापवून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड फोडून दाखवलं. स्पेनमधल्या मनोऱ्यावर उन्हातली ४.१ टक्के ऊर्जा वायूत उतरली. सुंदर विज्ञान आहे. पण त्याला थेट, स्वच्छ ऊन लागतं. आपल्या धुळकट आभाळात बरंचसं ऊन विखुरलेलंच येतं, ते पॅनेलला चालतं, आरशाला नाही. आणि पेट्रोलच हवं असेल तर चिलीच्या दक्षिण टोकाला हारू ओनीला २०२२ च्या अखेरीस एक प्लांट सुरू झाला आहे. सोलरवर नाही, वाऱ्यावर, कारण तिथे वारा थांबतच नाही. वर्षाला १ लाख ३० हजार लिटर पेट्रोल, म्हणजे आपल्याकडच्या चालत्या पंपाची महिन्याभराची विक्री.

तुमच्या कारखान्यापुरतं सांगायचं तर सल्लागाराला पैसे देण्याआधी तीन गोष्टी करा. फर्मेंटरच्या वायूवर मीटर बसवा आणि एक पूर्ण हंगाम रोजचं प्रमाण आणि शुद्धता लिहून ठेवा. गंधकाची संयुगं किती आहेत तेही तपासून घ्या, कारण तांब्याचा उत्प्रेरक गंधकाने मरतो. माळावर आधीच कोणाचा सोलर प्लांट असेल तर त्याच्याकडून वर्षभराची पंधरा-पंधरा मिनिटांची उत्पादनाची नोंद मागा, विशेषतः जुलै-ऑगस्टची. तोवर कार्बन डायऑक्साइड धुऊन द्रवरूपात विकायचा छोटा प्लांट टाकायला हरकत नाही. त्याला गिऱ्हाईक आजही आहे, आणि पुढेमागे मिथेनॉलचं जमलंच तर तेच धुणं, तेच कॉम्प्रेसर कामाला येतील. नोंदी हातात आल्या की पाठवा, तासागणिक तक्ता मी लावून देतो.